काकूंच्या सेट-टॉप बॉक्सला वाय-फाय मिळेना

(मुलुंड पूर्वेतल्या एका सोसायटीचा ग्रुप, संध्याकाळी पावणेसातनंतर)

बी-३०२ काकू: नमस्कार. नवा सेट-टॉप बॉक्स लावून माणूस दुपारीच गेला. चॅनेल दिसतायत. वाय-फाय जोडून द्या म्हटलं तर म्हणे, ते आमचं काम नाही, तुमचं तुम्ही बघा. यांचं गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून हे दिवसभर पलंगावर असतात. यूट्यूबवर जुनी नाटकं बघता यावीत म्हणून तर हा बॉक्स घेतला. आता स्क्रीनवर अख्ख्या बिल्डिंगचं वाय-फाय दिसतंय, फक्त आमचं दिसत नाही. फोनवर तेच वाय-फाय मस्त चालतंय. कोणाला कळतं का यातलं?

ए-१०३: काकू, बंद करून परत चालू करा.

बी-३०२ काकू: ते करूनच इथे लिहिलंय.

बी-२०४ ताई: काकू, यादीत काय काय नावं दिसतायत तेवढं सांगा. मी ट्रेनमध्ये आहे, आत्ता दादर सुटलं. मध्येच माझं नेटवर्क गेलं तर जरा थांबा.

बी-३०२ काकू: एक लांबलचक इंग्रजी, कंपनीचं नाव आणि पुढे आकडे. एक ओम साई. एक सोसायटी ऑफिसचं. आणि एक आहे ‘पासवर्ड मागू नका’. ते कोणाचं आहे हे मला चांगलं माहीत आहे.

बी-३०१: माझं आहे. कोणाला उद्देशून ठेवलेलं नाही.

बी-३०२ काकू: लॉकडाऊनमध्ये नातीच्या शाळेसाठी दोन दिवस मागितलं होतं. त्यानंतरच हे नाव आलं. असो.

बी-३०१: दोन दिवस म्हणून घेतलंत आणि गणपतीपर्यंत चाललं. माझे ऑफिसचे कॉल तुटत होते, तरी मी कधी बोललो नाही.

बी-३०२ काकू: आज बोललातच की.

ए-४०१: सर्व सभासदांना नम्र विनंती. गच्चीवरच्या बंद पडलेल्या डिश ज्यांच्या असतील त्यांनी काढून न्याव्यात. बोल्टच्या भोकांतून पाणी झिरपतं. माझ्या बेडरूमच्या छताला ओल आली आहे. एजीएममध्ये ठरलेलं आहे. 🙏

ए-१०३: घ्या, वाय-फाय गच्चीवर पोचलं.

ए-४०१: तुमच्या डोक्यावर तीन मजले आहेत, तुम्हाला हसू येणारच.

सेक्रेटरी: कृपया एका वेळी एकच विषय घ्यावा. काकूंचं आधी होऊ दे.

बी-२०४ ताई: काकू, फोनच्या सेटिंगमध्ये वाय-फाय उघडा. जे नाव जोडलेलं दिसतंय त्याच्या शेवटी ५जी लिहिलंय का?

बी-३०२ काकू: हो गं, आहे. म्हणजे मोबाइलचं फाइव्ह जी ना ते?

बी-२०४ ताई: नाही, त्याचा ह्याच्याशी काही संबंध नाही. तुमचा राउटर दोन लहरींवर चालतो, २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. नावातलं ५जी म्हणजे ते ५ गिगाहर्ट्झ. बऱ्याच साध्या बॉक्सना फक्त २.४ पकडता येतं, ५ चं नावसुद्धा त्यांना दिसत नाही. फोनला दोन्ही दिसतात. ते लांबलचक इंग्रजी नाव बहुतेक तुमच्याच राउटरचं २.४ असणार. राउटर उलटा करून खालचा स्टिकर बघा, तेच नाव आहे का?

बी-३०२ काकू: [फोटो]

बी-३०२ काकू: हे बघ. नाव तेच आहे. खाली पासवर्डपण छापलाय.

बी-२०४ ताई: काकू, तो फोटो लगेच डिलीट करा. ‘सर्वांसाठी’ असं येईल ते दाबा, नुसतं स्वतःपुरतं नको.

बी-३०२ काकू: का गं? सगळी आपलीच तर माणसं.

ए-१०३: मी जोडूनसुद्धा घेतलं. गंमत करतोय हं काकू.

बी-३०१: ह्याच गोष्टीसाठी लोक वाय-फायला तसली नावं ठेवतात.

बी-१०१ नाना: गंमत नाही ही. २६ जुलै २००८ ला अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले, त्याच्या काही मिनिटं आधी न्यूज चॅनेलवाल्यांना धमकीचा ईमेल गेला होता. कुठून गेला? नवी मुंबईतून, सानपाड्याहून. तिथे राहणाऱ्या एका अमेरिकन माणसाच्या घरच्या वाय-फायवरून. त्याला बिचाऱ्याला पत्ताही नव्हता, पण पोलीस पहिल्यांदा त्याच्याच दारात उभे राहिले, कारण तपासात पत्ता निघतो तो कनेक्शन ज्याच्या नावावर आहे त्याचा. २००९ च्या सुरुवातीला मुंबई पोलीस उघडी वाय-फाय शोधत फिरत होते, तेही ह्यामुळेच. आपल्या ग्रुपवर सभासद आहेत, भाडेकरू आहेत, सोडून गेलेले भाडेकरूही आहेत. त्यांना काढा म्हणून मी सेक्रेटरींना कितीदा सांगितलं.

सेक्रेटरी: नाना, घरमालकांनी कळवलं तर काढता येईल. कोणी कळवतच नाही.

बी-१०१ नाना: गेटवर टेम्पो लागतो, सामान उतरतं, तेव्हा कळत नाही होय?

बी-३०२ काकू: केला डिलीट. पण ज्यांनी बघायचा त्यांनी बघितलाच असेल.

बी-२०४ ताई: मी घरी आले की वर येऊन पासवर्ड बदलून देते. आत्ता स्टिकरवरचाच टाका, काका खोळंबलेत. रिमोटवर घराचं चित्र असलेलं बटण दाबा, मग सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, वाय-फाय. ते लांब नाव निवडा. मोठी अक्षरं मोठीच हवीत, लहान लहानच. शून्य आणि इंग्रजी ओ ह्यांत लोक हमखास फसतात.

बी-३०२ काकू: रिमोटने एकेक अक्षर शोधायचं म्हणजे जीव जातो.

बी-२०४ ताई: हो ना. सावकाश करा. कुर्ला गेलं, गाडी विद्याविहारच्या आधी उभी आहे.

बी-१०१ नाना: ह्या मुंबईत टीव्हीसाठी माणसाने काय काय केलं! दक्षिण मुंबईत काही भागांत २००६ च्या शेवटालाच बॉक्स आले, पण आपल्याकडे ते सक्तीचे झाले २०१२ ला. ३१ ऑक्टोबर ही शेवटची तारीख होती. त्या आठवड्यात केबलवाला दार वाजवून बॉक्स देत होता, आणि त्याच्या काळ्या वायरी अजून आपल्या डक्टमध्ये लोंबतायत.

ए-४०१: आणि डिश गच्चीवर आहेत. वरचा माझा मेसेज कृपया वाचावा. 🙏

ए-१०४ वहिनी: नाना, माझा एक खरा प्रश्न आहे. असं वाय-फाय जोडलं आणि नेट बंद पडलं, तर मालिका पण बंद का? सासूबाई घर डोक्यावर घेतील.

बी-२०४ ताई: नाही वहिनी. चॅनेल डिशवरून नाहीतर केबलवरून येतात, त्याला वाय-फाय लागत नाही. यूट्यूब वगैरे ॲप तेवढी नेटवर चालतात. दोन्ही वेगळं.

बी-१०१ नाना: आणि जुलैत मुसळधार पडला की डिशचा सिग्नल जातो, तेव्हा नेट मात्र चालू असतं. दोन्ही असलेलं बरं.

ए-१०३: पण मॅच डिशवरच बघा. ॲपवर ती काही सेकंद मागे असते. आमच्याकडे बॉलर अजून धावतोय आणि बी विंगमधून ओरडा ऐकू येतो, आउट!

बी-३०१: तो ओरडा कोणाचा असतो तेही लिहा ना. रात्री साडेअकराला.

सेक्रेटरी: मंडळी, विषयावर या.

बी-३०२ काकू: जोडलं! कनेक्टेड असं आलं. पण यूट्यूब उघडत नाही. नुसतं गोल फिरतंय आणि मग काहीतरी एरर येतोय.

बी-३०१: राउटर रीसेट करा.

बी-२०४ ताई: नका करू काकू! रीसेट केलात तर तुमच्या मुलाने केलेलं सगळं सेटिंग जाईल, मग कंपनीचा माणूस येईपर्यंत फोनलाही नेट नाही. मला सांगा, बॉक्सच्या होम स्क्रीनवर कोपऱ्यात तारीख आणि वेळ कुठली दिसतेय?

बी-३०२ काकू: दुपारचे दोन म्हणतोय. आणि साल कुठलं तरी जुनंच.

बी-२०४ ताई: तेच आहे. ॲप उघडताना समोरच्या सर्व्हरचं सुरक्षेचं सर्टिफिकेट तपासलं जातं, आणि ते ठरावीक तारखांपुरतं चालतं. बॉक्सचं घड्याळ चुकलं की त्याला खरं सर्टिफिकेटही खोटं वाटतं आणि तो दार उघडत नाही. सेटिंग्जमध्ये डेट अँड टाइम आहे, त्यात ऑटोमॅटिक चालू करा. टाइम झोन इंडिया.

ए-१०४ वहिनी: हे सोन्यासारखं सांगितलंस गं. आमचापण असाच बंद पडलाय, मी समजत होते बॉक्सच गेला.

बी-३०२ काकू: उघडलं! नाटक लागलं. हे हसतायत.

बी-१०१ नाना: छान झालं!

ए-१०३: 👏👏

बी-३०२ काकू: थांबा. अडकतंय. दोन वाक्यं बोलतात आणि थांबतात. संवादाची सगळी मजा जाते अशाने.

बी-३०१: कितीचा प्लॅन आहे तुमचा? निदान २०० एमबीपीएसचा घ्या. कमी घेतलं की असंच होणार.

बी-२०४ ताई: प्लॅन वाढवून काही उपयोग नाही. नेटफ्लिक्सवालेसुद्धा फुल एचडीसाठी ५ एमबीपीएस पुरे म्हणतात, ४के (4K) चित्राला १५. काकूंकडे त्याहून खूप जास्त येतंय, ते बेडरूमपर्यंत पोचत नाहीये. काकू, राउटर कुठे आहे?

बी-३०२ काकू: पॅसेजमध्ये, फ्रिजच्या वर. आधी हॉलमध्ये होता, पण तिथे शोभत नाही म्हणून मुलाने हलवला.

बी-२०४ ताई: आणि आत्ता मायक्रोवेव्ह चालू आहे का?

बी-३०२ काकू: हो, ह्यांचं दूध गरम करतेय. तुला कसं कळलं?

बी-२०४ ताई: मायक्रोवेव्हच्या लहरी २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपास असतात, म्हणजे तुमच्या वाय-फायच्याच पट्ट्यात. थोड्या बाहेर निसटल्या तरी जवळच्या राउटरचं बोलणं त्यात बुडतं. शिवाय बिल्डिंगमधले सगळे राउटर ह्याच पट्ट्यात गर्दी करून बसलेत. भिंतींतून २.४ बरं जातं, ५ लवकर अडतं, पण ह्या गर्दीला २.४ कडे उत्तर नाही. राउटर फ्रिजवरून उतरवा, उघड्या जागी उंचावर ठेवा, टीव्हीमागे किंवा लोखंडी कपाटाआड नको.

बी-२०४ ताई: आणि कायमचं करायचं असेल तर लॅन केबल, म्हणजे राउटरपासून बॉक्सपर्यंत नेटची वायर. बॉक्सच्या मागे मोठ्या फोनच्या पिनसारखी जागा आहे ना, तिथे ती लागते. मग वाय-फायचा प्रश्नच उरत नाही. कॅट ६ ची वायर १०० मीटरपर्यंत चालते, तुम्हाला फार तर दहा-बारा लागेल. पलंगावरच्या माणसासाठी हेच सगळ्यात चांगलं, रोज कटकट नको.

बी-१०१ नाना: लॅमिंग्टन रोडला चांगली मिळेल.

ए-१०३: एवढ्यासाठी ग्रँट रोडला जायचं? स्टेशनबाहेरच्या दुकानात मिळते नाना.

बी-३०१: माझ्याकडे १५ मीटरची पडून आहे, दोन्हीकडे क्लिप लावलेली. हवी तर न्या.

बी-३०२ काकू: नको. आमची आम्ही आणू.

बी-३०२ काका: पाठवा हो. मला नाटक बघायचंय. हिचं मी बघतो.

बी-३०१: देतो काका. पाच मिनिटांत आलो.

ए-४०१: गच्चीवरच्या बंद पडलेल्या डिश ज्यांच्या असतील त्यांनी काढून न्याव्यात. बोल्टच्या भोकांतून पाणी झिरपतं. माझ्या बेडरूमच्या छताला ओल आली आहे. एजीएममध्ये ठरलेलं आहे. 🙏

ए-१०४ वहिनी: भाऊ, किती वेळा टाकाल?

ए-४०१: डिश उतरेपर्यंत. माझी आई त्या खोलीत झोपते.

(रात्री नऊनंतर)

बी-२०४ ताई: काकूंकडे जाऊन आले. बॉक्स केबलवर छान चालतोय. पासवर्ड बदलला, आणि राउटरच्या आत शिरायचा जो ॲडमिनचा पासवर्ड असतो तोही बदलला. तो बहुतेक घरांत आहे तसाच राहतो, सगळ्यांनी एकदा बघून घ्या. पाहुण्यांसाठी गेस्ट नेटवर्क वेगळं चालू केलंय. नातेवाइकांना ते द्यायचं, मुख्य नाही. ज्यांच्या फोनमध्ये तो फोटो आपोआप उतरला असेल त्यांनी काढून टाका, प्लीज.

बी-३०२ काकू: पोरगी न जेवता वर आली हो. सगळ्यांचे आभार. ए-४०१ भाऊ, वरच्या डिशपैकी एक आमची आहे, पाण्याच्या टाकीजवळची. रविवारी माणूस पाठवते. पण भोकं बुजवायचा खर्च सोसायटीने करावा, गच्ची सगळ्यांची आहे.

बी-३०१: ह्याला माझंही अनुमोदन.

सेक्रेटरी: खर्चाचा विषय पुढच्या कमिटी मीटिंगमध्ये घेऊ.

ए-४०१: मागच्या मीटिंगलाही हेच म्हणाला होतात. रविवारी मी स्वतः गच्चीवर थांबतो, चावी मला द्या.

सेक्रेटरी: चावी वॉचमनकडे ठेवतो. सकाळी अकरा.