कोलबर हा तस्कर की मालक नसलेला हमाल?

पाठगोणी
इराणच्या पश्चिमेला कुर्दिस्तान, करमानशाह आणि पश्चिम अझरबैजान या प्रांतांत कुर्द माणसं इराकमधून डोंगर ओलांडून पाठीवर माल आणतात. सिगारेट, टायर, कपडे, टीव्ही, एसी. यांना कोलबर म्हणतात: कोल म्हणजे पाठ-खांदा, बर म्हणजे वाहणारा. सरकारदप्तरी हे तस्कर.

माझ्या मते हे हमाल आहेत. माल त्यांचा नसतो. मजुरी ओझ्यावर ठरते आणि माल खाली पोचला तरच हातात पडते. गस्त आली म्हणून ओझं टाकून पळावं लागलं तर मजुरी बुडते, वर मालवाला अनेकदा भरपाईही मागतो. सीमारक्षकांची गोळी, हिमकडा, 1980-88 च्या इराण-इराक युद्धातले सुरुंग, कशालाच विमा नाही. डिसेंबर 2019 मध्ये तते खिंडीत 14 आणि 17 वर्षांचे दोन भाऊ बर्फात गोठून मेले. त्यांना तस्कर म्हणायचं?

जकातनाका
हमाल म्हटलं की चोरटी आयात एकदम कष्टाची भाकरी होते! जकात न भरलेला एसी इराणच्या सीमेलगतच्या बाने शहरातल्या मॉलमध्ये स्वस्त मिळतो, तेहरानहून लोक तिथे खरेदीला जातात. कुठलं सरकार हे चालू देईल?

आणि मूळ दुखणं निर्बंधांचं. मे 2018 मध्ये अमेरिका अणुकरारातून बाहेर पडली, रियाल घसरला, त्याच उन्हाळ्यात तेहरानने 1,300 हून जास्त वस्तूंची आयात बंद केली. बंदी आली की चोरवाट फायद्याची होते. यात कुर्दांवरचा जुलूम कुठे आला?

पाठगोणी
तारखा नीट लावा. बाने आणि आसपासच्या शहरांत दुकानदारांनी बंद पाळला तो एप्रिल 2018 मध्ये, अमेरिका बाहेर पडायच्या आधी. सीमेवरच्या वाटा बंद केल्या आणि जकात वाढवली म्हणून.

जकातनाका
बरं, बंद आधीचा. पण निर्बंध काय 2018 लाच जन्मले? 2012 मध्येच तेल आणि बँका आवळल्या होत्या.

ताळेबंद
तुम्ही दोघं कार्डाबद्दल बोलतच नाही. सरकारने सीमेवरच्या रहिवाशांना कार्डं दिली होती: ठरलेल्या वाटेने, ठरलेल्या दिवशी, ठरावीक माल जकातीत सूट घेऊन आणायचा. कागदावर छान. प्रत्यक्षात सक्तीची लष्करी सेवा पूर्ण झाल्याची अट, म्हणजे तरुण पोरं बाहेरच. कार्डं दलालांनी भाड्याने घेतली; सूट व्यापाऱ्याच्या खिशात, ओझं मात्र त्याच पाठीवर. सप्टेंबर 2017 मध्ये इराकी कुर्दिस्तानात स्वातंत्र्याचं सार्वमत झालं, इराणने नाकी बंद केली आणि कार्ड नुसतं पाकिटात राहिलं. परवाना हा हक्क नव्हे, मेहरबानी. मनात आलं की काढून घेतात.

बारदान
मग आपल्याकडचा 1969 चा माथाडी कायदा बघा. मार्केटातल्या हमालालाही एक मालक नव्हता. मंडळ काढलं, त्यात मालवाला आणि कामगार दोघांचीही नोंद. मालवाला मजुरी आणि वर लेव्ही (मजुरीवरची ठरावीक आकारणी) मंडळात भरतो. पगार, भविष्यनिर्वाह निधी, औषधपाणी मंडळ बघतं. लेव्ही मालवाल्याकडून वसूल होते, हमालाकडून नाही. कोलबरांसाठी हाच सांगाडा चालेल. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या 1967 च्या शिफारशीत पुरुषाच्या ओझ्याला 55 किलोची मर्यादा आहे, तीही लावता येईल.

खिंड
बारदान, मंडळाच्या आधी युनियन होती, संप होते, हे गाळलंत. इराणच्या 1990 च्या कामगार कायद्याचं कलम 131 वाचा. एका आस्थापनेतल्या कामगारांना इस्लामी कामगार परिषद, व्यवसाय संघ किंवा प्रतिनिधी, यांपैकी एकच मिळतं. कोलबराची आस्थापना कुठली, डोंगर?

ज्यांच्याकडे आस्थापना होती त्यांचं तरी काय झालं? इराणी कुर्दिस्तानातल्या सक्केझच्या बेकरी कामगारांचे नेते महमूद सालेही 2004 च्या मे दिनालाच पकडले गेले. संघटना करायच्या हक्काचे आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचे 87 आणि 98 क्रमांकाचे करार इराणने मान्य केलेले नाहीत. (भारतानेही नाहीत, तेव्हा छाती फार फुगवू नका.)

गोळीबाराचंही तेच. 1995 चा शस्त्रवापराचा कायदा सांगतो: आधी इशारा, मग हवेत, मग कमरेखाली. क्रम मोडला तर दाद लष्करी न्यायालयात, म्हणजे ज्यांनी झाडली त्यांच्याच घरात.

जकातनाका
गोळीचं मान्य. ओझ्याला जप्ती पुरे, गोळी कशाला. पण लेव्ही कोणाकडून घेणार ते सांगा. मालवाला इराकमधल्या सुलेमानियात किंवा तेहरानात, दोन्हीकडे पावतीवर नाव नाही.

ताळेबंद
एसीवर अनुक्रमांक असतो. बानेच्या दुकानात तो उघडा मांडलेला असतो, तिथून मागे जात जा. दुकानदाराला विचारायचं सोडून खिंडीत पोराला गाठतात, कारण दुकानदार बंद पाळू शकतो.