‘सेट’चे अर्थ ४३०, की एकच ‘बसवणे’?

पाटीपेन्सिल: भाचीच्या वहीत काल इंग्रजी ‘सेट’चे चौदा अर्थ एकाखाली एक लिहिलेले दिसले. पाठ करायला दिलेत. मला ही पद्धतच चुकीची वाटते. १९८९च्या ऑक्सफर्ड इंग्रजी शब्दकोशात या एका क्रियापदाचे ४३० अर्थ होते, सगळे घोकायचे का? सिट आणि सेट ही जोडी आपल्या बसणे-बसवणेसारखी आहे. सोनार कोंदणात हिरा बसवतो, डॉक्टर मोडलेलं हाड बसवतात. इंग्रजीत दोन्हीकडे सेटच. मुलांना आधी हे मूळ द्या, बाकीचे अर्थ वाचता वाचता कळतील.

उभाआडवा: नाही पटलं. गजर आपण बसवत नाही, लावतो. सापळा लावतो, आग लावतो, दही लावतो. परीक्षेचा पेपर काढतो. सूर्य तर मावळतो! तुमचं मूळ पाठ असलेलं मूल ‘द सन सेट्स’पाशी अडकणारच. (आकड्यांत आता ‘रन’ पुढे आहे, सुधारित कोशात त्या क्रियापदाचे ६४५ अर्थ आहेत.)

पाटीपेन्सिल: लावणे मान्य, तेही मुलांना सांगावं. पण सूर्याचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. सूज बसते, धूळ बसते, घसा बसतो. खाली जाणं हा अर्थ बसण्यात आपल्याकडेही आहेच की.

खडूफळा: बावीस वर्षं मराठी शाळेत इंग्रजी शिकवतेय. ‘सेट ऑफ’ म्हणजे निघणे, ‘सेट अप’ म्हणजे उभारणे, हे मुळावरून ओळखून दाखवा. शिवाय कपबशांचा सेट, दागिन्यांचा सेट यातलं नाम बरंचसं जुन्या फ्रेंचमधून आलंय, लॅटिन ‘सेक्टा’वरून, म्हणजे अनुयायांचा गट. त्याचा उगम बसण्यात नाही. सगळ्याला एकच मूळ सांगितलं तर आपण मुलांना चुकीचं शिकवू.

पाटीपेन्सिल: नामाबद्दल तुमचं बरोबर. शीर्षकात ‘क्रियापद’ म्हणायला हवं होतं. तरी यादी नकोच. भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, घाटात गाडी लागते, अमुक माझा मामा लागतो. ‘लागणे’ची यादी आपल्याला कोणी दिली होती?

खडूफळा: दिली नव्हती, कारण ‘लागणे’ आपण जन्मापासून दिवसभर ऐकत होतो. माझ्या वर्गातल्या मुलांच्या घरात इंग्रजीचं एक वाक्य बोललं जात नाही. तासाला जे कानावर पडेल तेवढंच. वाचता वाचता कळेल म्हणता, पण वाचायला त्यांच्याकडे पाठ्यपुस्तकाशिवाय काही नाही.

उभाआडवा: ताई, हा मुद्दा माझ्या लक्षातच आला नव्हता.

खडूफळा: चौदा मात्र मीही देणार नाही. पाच द्यावेत, प्रत्येकाला त्यांच्या रोजच्या जगण्यातलं एक वाक्य जोडून. दह्याचं उदाहरण उद्याच वर्गात घेते.