डीपीएफचा (डिझेलच्या धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा) पिवळा लाइट घडीघडी लागून राहिला, फिल्टर काढून टाकू का?

वावरवाला_आर्णी
राजेहो, एक विचारायचं होतं. माझ्याकडे बीएस सिक्स (धुराच्या प्रदूषणाचा नियम) वाली डिझेल गाडी आहे, मागच्या वर्षी सेकंडहँड घेतली. गाव आर्णीपासून आतमध्ये, रोजचं चालणं म्हणजे घर ते वावर ४ किलोमीटर, तिथून फाट्यावर, कधी कृषी केंद्रात खत-फवारणीचं औषध आणाले, बस. आता दोन महिन्यांपासून डॅशबोर्डवर तो चौकोनी डब्यात ठिपके असलेला पिवळा लाइट लागते, कधी आपोआप जाते, कधी जातच नाही. मधात मधात असं होते का गाडी उभी असली तरी आरपीएम वाढलेला राहते, जळल्यासारखा वास येते, अन् चाबी काढली तरी पुढचा पंखा पाच मिनिटं घुंघुं करत राहते. मले वाटलं इंजिन गरम होऊन राहिलं म्हणून मी लगेच बंद करून टाकतो. मायलेज बी कमी झालं. गावातला मिस्त्री म्हणते फिल्टर चोक झाला, कापून आतला माल काढून टाकू, मंग कधीच त्रास नाही. काढू का? नवीन फिल्टरचा भाव ऐकून तं झोपच उडाली.

वर्धेवाला_डिझेल
काढू नोको भाऊ. तुमची गाडी बिघडली नाही, ती स्वतःले साफ करून राहिली होती अन् तुम्ही दर वेळी मधातच बंद केली.

गॅरेज_वणी
वरच्या भाऊनं बरोबर सांगितलं, मी जरा खोलून सांगतो, कारण आमच्याकडे याच कारणासाठी येणाऱ्या गाड्या वाढल्या अन् बहुतेक शेतकऱ्यांच्याच असतात.

१ एप्रिल २०२० पासून बीएस सिक्स लागू झालं तेव्हापासून डिझेल कारच्या सायलेन्सर लाइनमध्ये हा फिल्टर आला. आतमध्ये मधमाशीच्या पोळ्यासारख्या बारीक नळ्या असतात, एक नळी पुढून बंद, बाजूची मागून बंद, म्हणजे धुराले भिंतीतूनच आरपार जावं लागते अन् काजळी भिंतीवर अडकते. ते काजळी कुठं तरी जाळावी तं लागनच ना. गाडी हायवेवर लोडमध्ये चालली तं सायलेन्सरमध्येच एवढी गर्मी होते का काजळी हळूहळू आपोआप जळत जाते, तुम्हाले पत्ता बी लागत नाही. पण ४ किलोमीटरमध्ये इंजिनच नीट तापत नाही तं सायलेन्सर काय तापन.

मंग गाडी दुसरा उपाय करते. फिल्टरच्या अलीकडे-पलीकडे प्रेशर किती ते सेन्सर पाहते, काजळी भरली असं दिसलं का इंजिन जास्तीचं डिझेल उशिरा सोडते, ते पुढं जाऊन जळते अन् फिल्टरचं तापमान ६०० डिग्रीच्या आसपास नेते. तुमचा वाढलेला आरपीएम, तो वास, तो पंखा, मायलेज पडणं, हे बंदं त्याचंच आहे. याले १० ते २० मिनिटं सलग लागतात. विटभट्टी अर्धी पेटली अन् विझवली तं विटा कच्च्या राहतात का नाही, तसंच. पुढच्या वेळी गाडी पुन्हा पहिल्यापासून सुरू करते, तुम्ही पुन्हा वावरात पोचून बंद करता.

आता यातली बेकार गोष्ट ऐका. ते उशिरा सोडलेलं डिझेल थोडं सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरते अन् ऑइलमध्ये मिसळते. अर्धवट सोडलेल्या साफसफाईच्या फेऱ्या जितक्या जास्त तितकं जास्त. आजच डिपस्टिक काढून पाहा, लेव्हल वरच्या खुणेच्या वर असली अन् डिझेलचा वास येत असला तं ऑइल लगेच बदला, पातळ ऑइलवर टर्बो अन् बेअरिंग जाते, त्याचा खर्च फिल्टरपेक्षा मोठा आहे. लोकं ऑइल कमी झालं तं घाबरतात, वाढलं तं खूश होतात, तसं करू नोका.

दारव्ह्याची_ताई
दादा, मी शाळेत शिकवते, रोजचं जाणं-येणं ६-६ किलोमीटर, मलाही हाच त्रास होता. आता दर रविवारी यवतमाळ रोडला गाडी काढते, गाडी तापली की टॉप गिअर न टाकता एक गिअर खाली ठेवून दोन-अडीच हजार आरपीएमवर अर्धा तास चालवते. तेव्हापासून लाइट लागला नाही. टाकी रिझर्व्हला असेल तर बऱ्याच गाड्या साफसफाई सुरूच करत नाहीत, म्हणून डिझेल आधी भरा.

आणि एक कळकळीची विनंती. हे चालू असताना किंवा नुकतं झालं असताना गाडी वाळल्या गवतावर, सोयाबीनच्या कुटारावर, पऱ्हाटीच्या ढिगाजवळ अजिबात उभी करू नका. मी एकदा धुऱ्यावर वाळल्या गवतात लावली होती, खालून धूर निघाला, बाजूच्या वावरातल्या माणसानं मडक्यातलं पाणी ओतलं म्हणून वाचली. आपल्याकडे मार्च-एप्रिलमध्ये सगळं कसं कडकडीत वाळलेलं असतं तुम्हाला माहीत आहे.

वावरवाला_आर्णी
ताई, वणीवाले भाऊ, लय उपकार. डिपस्टिक पाहिली, खुणेच्या बोटभर वर आहे अन् वास बी येते. मंग आता पहिले ऑइल का पहिले हायवे? अन् मिस्त्री म्हणते प्रेशर पंपानं धुऊन बी देतो.

गॅरेज_वणी
पहिले ऑइल. अन् मॅन्युअलमध्ये लिहिलं त्याच ग्रेडचं, कमी राख करणारं. काजळी जळते पण ऑइलची राख जळत नाही, ते फिल्टरमध्येच बसून राहते. त्याच्यानंतर हायवे. पण जर पिवळ्या लाइटसोबत इंजिनचा लाइट बी लागला, नाहीतर गाडी ओढूनच नाही राहिली, तं हायवेले नेऊ नोका, वर्कशॉपमध्ये स्कॅनर लावून उभ्या गाडीवर साफ करून घ्या. तरीही घडीघडी भरत असला तं इंजेक्टर, ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह), थर्मोस्टॅट तपासा, काजळी जास्त काहून बनून राहिली ते शोधलं पायजे. प्रेशर पंप नाही, आतली पोळी तुटते, कोटिंग जाते.

अन् कापून काढणं तं सोडूनच द्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये असा बदल चालत नाही. अन् ते काजळी मंग कुठं जाईन, तुमच्या मागं मोटरसायकलवर लेकरू घेऊन येणाऱ्याच्या छातीत.

वावरवाला_आर्णी
शनिवारी ऑइल अन् ऑइल फिल्टर बदलला. इंजिनचा लाइट नव्हता म्हणून काल पायटे टाकी भरून तुळजापूर हायवेनं यवतमाळले गेलो, ताईनं सांगितलं तसं गिअर खाली ठेवून. वीस-बावीस मिनिटांनी लाइट गेला, तरी थांबलो नाही, पुढं चालवतच राहिलो. यवतमाळले गाडी उभी केली तं पंखा नाही, वास नाही. परत येताना मायलेज बी वाढलेलं दाखवून राहिलं. आता दर सोमवारी डिपस्टिक पाहीन अन् आठ दिवसांनी लिहितो.