मदत हवी आहे: फिरंगी तलवारीचं पातं जुनं, मूठ नवी? चिठ्ठीवर काय लिहू?

नमस्कार मंडळी,

सहा वर्षं मराठा शस्त्रांच्या प्रतिकृती जमवतोय. कट्यार, बिचवा, दांडपट्टा, धोप. शिवजयंतीला गावच्या शाळेत मांडतो आणि प्रत्येकीखाली "प्रतिकृती" असं ठळक लिहितो. मुलं तरीही तेवढ्याच ओढीने बघतात.

गेल्या महिन्यात जुन्या सामानाच्या दुकानातून एक फिरंगी (युरोपीय धाटणीच्या सरळ पात्याची तलवार) घेतली. दुकानदार "शिवकालीन, अस्सल" म्हणत होता, पण किंमत प्रतिकृतीपेक्षा थोडीच जास्त. तिथेच पाल चुकचुकली.

पातं मात्र मला नवं वाटत नाही. व्हर्नियरने जाडी मोजली: मुठीपाशी 5 मिमी, मध्यावर साडेतीन, टोकाकडे 2 च्याही आत. माझ्या सगळ्या प्रतिकृती एकाच जाडीच्या पत्र्यातून कापलेल्या, हातात पुढे ओढतात. ही ओढत नाही. गंज काळपट, खड्ड्यांत मुरलेला. पन्हळीपाशी (पात्यावरच्या लांब खाचेपाशी) दोन दातेरी चंद्रकोरी ठोकल्यात. अशी खूण युरोपातल्या पात्यांवर असते खरी, पण इथले कारागीरही ती उठवायचे, म्हणून तेवढ्यावर विसंबत नाही.

घोळ मुठीत आहे. जुन्या मुठी पात्यावर लाखेने बसवत, म्हणून फटीत लाख दिसायला हवी. इथे पिवळसर, काचेसारखं काहीतरी आहे, नखाने ओरखडाही पडत नाही. परजेच्या (मुठीवरच्या हात झाकणाऱ्या भागाच्या) आत वेल्डिंगचा फुगवटा कानशीने घासलेला स्पष्ट दिसतो.

मूठ उतरवून बघू का? आणि चिठ्ठीवर काय लिहू? मुलांना चुकीचं सांगायचं नाही.

प्रतिसाद 1:
दादा, मूठ उतरवू नका. लाख तापवली की सुटते, हे इपॉक्सी (आजकालचा रासायनिक गोंद) दिसतंय. त्यासाठी जास्त आच दिलीत तर पात्याचं पाणी (कडकपणा) उतरेल. पॉलिश पेपरही लावू नका, तो काळा थर गेला की पुरावाच गेला. मऊ फडक्याने पातळ तेल फिरवा, बास. मुठी तर पूर्वीही बदलत, त्यामुळे नव्या मुठीने पातं खोटं ठरत नाही. पुण्यात केळकर संग्रहालयातली जुनी शस्त्रं एकदा निरखून या, परजेचे जोड बघा.

प्रतिसाद 2:
पातं 100 वर्षांहून जुनं ठरलं तर 1972 चा पुरावशेष कायदा लागू होतो, परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाही. शाळेत मांडण्याआधी पोलीस ठाण्यात विचारून घ्या. चिठ्ठीवर लिहा: "फिरंगी. पाते जुने असावे, काळ निश्चित नाही. मूठ अलीकडची."

धागाकर्ता:
हेच लिहितो. तेल आजच लावतो. मुठीच्या जोडाचे फोटो उद्या उजेडात काढून टाकतो, वेल्डिंगबद्दल खात्री करून द्या.