पुरावा बाद झाला म्हणजे गुन्हेगार सुटला असं नसतं
वर कोणीतरी म्हटलंय की अमेरिकेत पोलिसांनी कागदात चूक केली की गुन्हेगार मोकाट, मग ज्याने गुन्हा केला त्याची जबाबदारी कुठे गेली. मला वाटतं इथे दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ होतेय. अमेरिकेच्या राज्यघटनेतली चौथी दुरुस्ती (विनाकारण झडती-जप्तीपासून संरक्षण देणारी) सरकारला बांधते, आरोपीला माफी नाही देत.

डॉलरी मॅपची केस घ्या ना. १९५७, क्लीव्हलंड. बाॅम्बस्फोटातला एक संशयित शोधायला पोलीस दार फोडून तिच्या घरात घुसले, तिने वॉरंट मागितलं तर एक कागद नुसता हलवून दाखवला, तिने तो हिसकावून झग्यात कोंबला, त्यांनी झटापट करून परत घेतला आणि कोर्टात मात्र ते वॉरंट कधी आलंच नाही! सापडलं काय, तर अश्लील पुस्तकं. ती बाळगल्याबद्दल झालेली शिक्षा १९६१ मध्ये सुप्रीम कोर्टाने रद्द केली आणि असा पुरावा राज्यांच्या कोर्टांतही चालणार नाही असं ठरवलं.

आता गंमत बघा, हीच बाई पुढे १९७० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये ड्रग्जच्या केसमध्ये जेलमध्ये गेली, कारण त्यावेळी पोलीस रीतसर वॉरंट घेऊन आले होते. झाली की जबाबदारी निश्चित.

शिवाय सुप्रीम कोर्टाच्या १९८४ च्या लिऑन केसनंतर पोलिसांनी सद्भावनेने वॉरंटवर भरवसा ठेवला असेल तर ते नंतर सदोष निघालं तरी पुरावा सहसा टिकतो, त्यामुळे 'कागदातली चूक' हा मुद्दा तसाही फार ताणलेला आहे.