लिस्बनला नऊ तास: सासूबाईंना कुठे नेऊ?

नमस्कार मंडळी,

पुढच्या महिन्यात सासूबाईंना घेऊन म्यूनिकला नणंदेकडे जातेय. नूअर्कहून रात्री निघून सकाळी साडेसहाला लिस्बन, पुढचं विमान दुपारी साडेतीनला. नऊ तास खुर्चीत बसून काढायचे जिवावर आलंय. सासूबाई पंचाहत्तरीच्या, गुडघे कुरकुरतात, पण हौस दांडगी. मूळच्या वसईच्या, त्यामुळे ‘पोर्तुगीज’ म्हटलं की कान टवकारतात. त्यांचा पासपोर्ट भारतीय, व्हिसा जर्मनीचा. बाहेर सोडतील ना? मला ती पिवळी २८ नंबरची ट्राम, किल्ला, बेलेंचा बुरूज, सगळंच बघायचंय. दिवस मंगळवार.

— आरास समितीवाली

*

ताई,

आधी ‘नऊ तास’ हा आकडा खोडा. अमेरिकेची विमानं तिथे सकाळी एकापाठोपाठ उतरतात, तेव्हा पासपोर्टच्या रांगेत एक-दीड तास धराच. आता पहिल्यांदा शिरणाऱ्यांचे बोटांचे ठसे आणि फोटोही घेतात. एक बरं आहे, लिस्बन-म्यूनिक हा शेंगेनच्या, म्हणजे आपसात सीमातपासणी नसलेल्या युरोपीय देशांच्या, आतला प्रवास, म्हणून दुपारी पासपोर्टची रांग नाही, नुसती सुरक्षा तपासणी. तरी दीडला परत या. हातात उरले जेमतेम पाच तास.

जर्मनीचा शेंगेन व्हिसा चालतो, कारण तुमचा मुख्य मुक्काम तिथेच आहे. फक्त तो लिस्बनच्या तारखेला सुरू झालेला असू दे, आणि मुक्कामाचे दिवस लिस्बनपासून मोजा.

२८ नंबर विसरा. उभं राहायला जागा नसते आणि खिसेकापूंचं ते माहेर आहे. किल्ला चढावर. पदपथ म्हणजे काळ्या-पांढऱ्या दगडांचे बारीक तुकडे, पाऊस पडला की शेवाळल्या घाटासारखे निसरडे. सासूबाईंना रबरी तळव्याचे बूट घाला, साडीवर शोभत नसले तरी.

टॅक्सीने थेट बेलें गाठा. नदीकाठचा सपाट भाग आहे. जेरोनिमोस मठ सोमवारी बंद असतो, तुमचा मंगळवार म्हणजे सुटलात. १५०१ साली बांधायला घेतला, तो मसाल्याच्या व्यापारावरच्या कराच्या पैशातून. म्हणजे आपल्याच मालाच्या जिवावर. १७५५ च्या भूकंपात अर्धंअधिक लिस्बन कोसळलं, हा बराचसा टिकला. आत वास्को द गामाची कबर आहे. बुरूज बाहेरूनच बघा, आतला जिना सासूबाईंसाठी नाही.

— माजी खजिनदार

*

काका, तुमचा हिशेब बरोबर, पण बेलें शहराच्या दुसऱ्या टोकाला. आम्ही असेच गेलो होतो. परतताना टॅक्सी गर्दीत अशी अडकली की विमानात शेवटचे चढणारे आम्हीच. मुलगा अजून बोलून दाखवतो.

वहिनी, माझं ऐका तर ओरिएंटला जा. मेट्रोच्या लाल मार्गावर विमानतळापासून तिसरं स्टेशन. १९९८ च्या जागतिक प्रदर्शनासाठी वसवलेला भाग आहे, रुंद, सपाट, बाकं भरपूर. समोर नदी आणि तिच्यावरचा बारा किलोमीटरहून लांब वास्को द गामा पूल. काठाला ब्रागांझाच्या कॅथरीनचा पुतळा आहे. हीच ती, जिच्या लग्नात मुंबई आंदण म्हणून इंग्रजांना गेली! १६६१ चा करार. दादरच्या माणसाने तिच्याशी दोन शब्द बोलायलाच हवेत.

आणि मंगळवारी सासूबाई अंडं खातात का? तिथली प्रसिद्ध पेस्ट्री, पास्तेल, अंड्याच्या बलकाची असते.

— मंडळाच्या ग्रंथालयातून

*

मंडळी,

जाऊन आलो. रांगेत सव्वा तास गेला. ओरिएंटचं विचारलं, तर सासूबाई म्हणाल्या, “मुंबई दिली तिने, वसई नाही. चल त्या वास्कोकडे.” विषय संपला.

मठात शिरल्या आणि छताकडे बघत राहिल्या. दोरखंडासारखी पिळाची नक्षी, दगडातली. “वसईच्या किल्ल्यातल्या पडक्या चर्चांवर छप्पर घातलं तर असंच दिसेल,” म्हणाल्या. वास्को हात जोडून आडवा झोपलाय, कबरीवर जहाज कोरलेलं. १५२४ मध्ये तो कोचीला वारला, आधी तिथेच पुरला होता, नंतर इकडे आणला, असं मी सांगितलं. त्यावर, “मेल्यावर तरी परत गेला,” एवढंच बोलल्या आणि बाकावर बसून गुडघ्याला तेल चोळलं. रखवालदार बघत होता. काही बोलला नाही.

पलीकडे नदीजवळ शोधयात्रांचं उंच स्मारक आहे, त्याच्यासमोर जमिनीवर संगमरवरात जगाचा नकाशा. सासूबाईंनी काठीने आपला किनारा शोधला, साधारण वसईच्या जागी काठी टेकवली आणि मला फोटो काढायला लावला.

पास्तेलच्या दुकानात १८३७ पासूनची पाटी, रांग दारापर्यंत. मंगळवार पाळला गेला. मी दोन खाल्ल्या, त्यांनी नुसता पाव मागितला. हाताने दाखवत “पाव, पाव” म्हटल्यावर पोराने ‘पांव’ म्हणत निमूट दिला. मग त्या तासभर मराठीत पोर्तुगीजांकडून आलेले शब्द, बटाटा, चावी, साबण, पगार, घमेलं, मोजत बसल्या, टॅक्सीतसुद्धा. चालकाला ‘बटाटा’ आणि ‘साबण’ ओळखू आले; ‘घमेलं’वर तो आरशातून मागे वळून बघायला लागला, तेव्हा मीच थांबवलं.

काका, विमानतळाबाहेर पडल्यापासून परत आत येईपर्यंत चार तास दहा मिनिटं. ग्रंथालयातल्या वहिनी, कॅथरीन परतीच्या वेळी बघणार होतो, पण तेव्हा मध्ये अडीच तासच आहेत आणि पासपोर्टची रांगही. बाहेर पडत नाही.

— आरास समितीवाली