ईएससी: सुरक्षेचं यंत्र की उंच गाड्यांना मिळालेली पळवाट?

चक्रधर
गाडी उलटणार की नाही हे मुळात तिच्या बांधणीवर ठरतं. डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर घ्या आणि गुरुत्वमध्याच्या उंचीच्या दुपटीने भागा. बसक्या सेडानचा आकडा 1.4 च्या आसपास येतो, उंच एसयूव्हीचा बऱ्याचदा 1.1-1.2. आकडा जितका लहान तितकी गाडी कलंडायला सोपी. हे गाडी बनवणाऱ्यांना पक्कं ठाऊक असतं, तरी गाड्या उंच करत सुटायचं आणि कुणी विचारलं की 'ईएससी दिलंय ना' (गाडी घसरू लागली की आपोआप ब्रेक लावून सावरणारं यंत्र) म्हणून मोकळं व्हायचं. 1997 साली स्वीडनमध्ये एका मोटार मासिकाच्या चाचणीत मर्सिडीजची ए-क्लास झपकन डावी-उजवी वळवताना उलटली. त्यानंतर काय झालं? सगळ्या ए-क्लासना ईएसपी, म्हणजे ईएससीच, बसवलं. मूळ दुखणं तसंच, वरून गोळी.

तिरपी_चाल
अर्धीच गोष्ट सांगितलीत. त्या गाडीचं सस्पेन्शनही बदललं होतं.

आता तुमच्याच आकड्याचं बघू. 1.2 म्हणजे ढोबळमानाने 1.2 जी, म्हणजे गाडीच्या वजनाच्या 1.2 पट, इतका आडवा जोर आला तर गाडी उलटेल. सस्पेन्शन झुकतं, म्हणून प्रत्यक्षातली मर्यादा थोडी खाली येते, तेही धरा. पण कोरड्या सपाट डांबरावर साध्या टायरची पकड 0.8-0.9 च्या घरात संपते. म्हणजे उलटण्याआधी गाडी घसरते. मग उलटतात त्या कुठे? घसरत जाऊन चाक कठड्यावर आपटलं, मऊ मातीत रुतलं, चारीत अडकलं की तिथे. अमेरिकेच्या एनएचटीएसए या सरकारी रस्ता सुरक्षा संस्थेच्या मते एकट्या गाडीच्या उलटण्याच्या अपघातांपैकी सुमारे 95 टक्के असे अडखळूनच होतात.

ईएससीचं काम त्याआधीचं. स्टेअरिंग किती फिरवलंय यावरून चालकाला कुठे जायचंय ते त्याला कळतं, आणि गाडी खरोखर किती वळतेय ते वळण मोजणाऱ्या सेन्सरवरून. दोन्हींत तफावत दिसली की ते एकेका चाकाला वेगळा ब्रेक लावतं. पुढची चाकं बाहेर ओढली जात असतील तर आतलं मागचं चाक धरतं, शेपूट बाहेर फेकली जात असेल तर बाहेरचं पुढचं. गाडी रस्ता सोडून घसरलीच नाही तर अडखळणार कशाला?

चक्रधर
हे घसरण्याचं झालं. उलटणं रोखणारी जी प्रणाली वेगळी सांगून विकतात, ती काय करते तेही सांगा की. वळणात गाडी कलायला लागली की बाहेरच्या पुढच्या चाकाला जोरात ब्रेक. त्या टायरची पकड ब्रेकमध्येच खर्च होते, वळायला उरत नाही, म्हणून गाडी सरळ धावू पाहते. वळण मोठं होतं, वेग उतरतो, झुकाव कमी होतो. चाकं जमिनीवर राहिली खरी, पण गाडी चालकाला हवी होती त्यापेक्षा बाहेरून गेली. आणि बाहेर काय आहे? तुमचीच मऊ माती आणि तुमचीच चारी!

तिरपी_चाल
बाहेर जाते हे बरोबर, पण वेग उतरवत जाते, हे तुम्ही घाईत ओलांडलंत. चारीत 80 ने जाणं आणि 50 ने जाणं एक नव्हे.

सोळाचाकी
तुम्ही दोघं कारवरच अडलात. आमच्याकडे या. भरलेल्या ट्रकची उलटण्याची मर्यादा 0.4 जीच्या आसपास, कधी त्याहून कमी. टायर सुटायच्या कितीतरी आधी ट्रक आडवा होतो. 50 मीटर त्रिज्येचं वळण घ्या, हिशोब करा: ताशी 50 किलोमीटरला 0.4 जी पुरे होतो. ट्रेलर असेल तर आणखी पंचाईत. मागचं आतलं चाक उचललं गेलं तरी केबिनमध्ये पत्ता लागत नाही. कळतं तेव्हा स्टेअरिंगला अर्थ उरलेला नसतो. अर्धा भरलेला टँकर असेल तर बोलायलाच नको, आतलं द्रव वळणात बाहेरच्या अंगाला धावतं.

इथे यंत्र काही नाजूक खेळ करत नाही. आडवा जोर मर्यादेकडे चालला की इंजिनाची ताकद तोडतं आणि ब्रेक दाबतं, बस्स. अमेरिकेने 2015 मध्ये ट्रॅक्टर-ट्रेलरचे ट्रॅक्टर आणि मोठ्या बस यांच्यासाठी हे यंत्र सक्तीचं करणारा नियम केला. चक्रधरराव, आमचा आकडा वाढवायला ट्रक रुंद करायचा म्हणालात, तर रस्ता कोण रुंद करणार?

चक्रधर
ट्रकचं मान्य, त्याला इलाज नाही. मी बोलतोय ते हौसेने उंच केलेल्या गाड्यांबद्दल.

मधलाच
आयआयएचएस या अमेरिकी विमा कंपन्यांच्या रस्ता सुरक्षा संस्थेच्या अभ्यासांनुसार ईएससीने एकट्या गाडीच्या प्राणघातक अपघाताचा धोका साधारण निम्मा होतो. अमेरिकेत 2012 च्या मॉडेलपासून आणि युरोपात नोव्हेंबर 2014 पासून सगळ्या नव्या कारना ते सक्तीचं झालं ते उगाच नाही. वाळूत किंवा चिखलात चाक फिरू द्यायचं असेल तर बटण दाबून बंद करा, पण डांबरावर बंद ठेवून मर्दुमकी गाजवणारे मला समजत नाहीत.

एक शंका मात्र आहे. टपावर सामान लादलं तर या यंत्राला कळतं का?

तिरपी_चाल
साध्या ईएससीला नाही. त्याला आडवा जोर कळतो, गुरुत्वमध्य वर सरकल्याचं कळत नाही. काही गाड्यांत कलण्याचा वेग मोजणारा वेगळा सेन्सर असतो. व्होल्वोच्या पहिल्या एक्ससी90 मध्ये तो होता. अशा गाडीला निदान 'नेहमीपेक्षा जास्त कलतेय' एवढं कळतं. आणि टायर गुळगुळीत झाले असतील तर कुठलाही सेन्सर पकड तयार करून देत नाही.

चक्रधर
म्हणजे टपावरच्या ओझ्याने 1.2 चा 1.1 झाला ते यंत्राला कळत नाही. म्हणून तर म्हणतोय, मुळात आकडा मोठा ठेवा. जाहिरातीत ईएससी ठळक असतं, हा आकडा कुठे दिसतो?

सोळाचाकी
अमेरिकेत एनएचटीएसए 2001 पासून उलटण्याच्या धोक्याचे तारे देते, ते याच आकड्यावरून ठरवायला सुरुवात केली. पुढे प्रत्यक्ष वळवून बघायची चाचणी जोडली. तारे वाचत नसाल तर तक्रार कुणाकडे?

चक्रधर
तारे नकोत, आकडाच छापा. टाकीच्या मापाशेजारी जागा असते.